अकराव्याच्या मागे

कॉलेजात एक अलिखित नियम होता : बैठकीला जो उशिरा येईल, काम त्याच्या गळ्यात. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईला सोळा वर्षांत कधी उशीर झाला नव्हता. विद्यार्थी तिला पाठीमागे ‘सरासरी’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. त्या सोमवारी झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद अडकला, ती सात मिनिटं उशिरा पोचली, आणि खुर्चीत टेकेपर्यंत कप्तान व्याख्यानमाला तिच्या नावावर चढलेली होती.

“तुमच्याइतकं योग्य कोणी नाहीच,” प्राचार्य म्हणाले. “तुमच्या घरचंच कार्य म्हणा ना.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. स्वतःवरची बला टळली की माणसं फार मनापासून माना डोलावतात.

कप्तान हे कॉलेजचे सर्वांत मोठे माजी विद्यार्थी. फुटबॉल संघाचे कप्तान म्हणून पडलेलं नाव. पुढे हजारो माणसं हाताखाली आली, वर्तमानपत्रांत फोटो यायला लागले, तरी तेच राहिलं. गेल्या वर्षी ते वारले. त्यांच्या नेतृत्वाचा वारसा पुढच्या पिढीपर्यंत पोचावा म्हणून चार व्याख्यानं ठरली होती, दर दुसऱ्या शुक्रवारी दुपारी तीन वाजता, मोठ्या सभागृहात.

वारसा म्हणजे मुख्यतः एक गोष्ट. कॉलेजातल्या प्रत्येकाला ती पाठ होती. सेहेचाळीस वर्षांपूर्वी एका दुपारी रसायनशास्त्राच्या इमारतीत आग लागली. तळघरात प्रात्यक्षिकं चालू होती. जिना धुराने भरला. कप्तान तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. त्यांनी सगळ्यांना एका ओळीत उभं केलं, प्रत्येकाला पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायला लावला, आणि वाफेचे नळ जायचे त्या अरुंद बोळातून, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही अशा काळोखातून, अकरा माणसं बाहेर काढली. कुणाला ओरखडाही आला नाही. त्या बोळात त्यांनी जे सांगितलं ते आता फलकावर सोनेरी अक्षरांत होतं : ‘माझ्या मागे या. मागे बघू नका.’

ओळीतले अकरावे, म्हणजे सगळ्यांत शेवटचे, बाईचे बाबा. तेव्हा विशीतले, प्रयोगशाळेतली काचेची उपकरणं दुरुस्त करायला नुकतेच लागलेले. पुढे चाळीस वर्षं त्यांनी तेच काम केलं. फुटलेली नळी ज्योतीवर धरून अशी सांधायचे की सांधा शोधावा लागे.

बाईने माहितीपत्रक स्वतः लिहिलं. त्यात तिने घरातली एक गोष्ट घातली. आगीच्या तारखेला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, कप्तानांचा दरवर्षी बाबांना फोन यायचा. जगाच्या पाठीवर कुठेही असोत, फोन चुकला नाही. मिनिटभरसुद्धा बोलणं व्हायचं नाही. लहानपणी ती दाराशी उभी राहून ऐकायची. बाबा उभ्यानेच बोलत. “आहे, साहेब.” मग थोडं थांबून, “नाही. नाही बघितलं.” आणि रिसीव्हर खाली. आई दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी सांगत सुटायची, “एवढा मोठा माणूस, पण आमच्या ह्यांना विसरला नाही हो! तब्येत विचारतात.”

‘खरा नेता शेवटच्या माणसाला विसरत नाही,’ असं बाईने पत्रकात लिहिलं आणि तिला स्वतःचंच वाक्य बरं वाटलं.

बाबांनी ते वाचलं, घडी घातली, आणि चष्म्याच्या घरात ठेवून दिलं.

“चौथं व्याख्यान तुमचं ठेवू म्हणतायत प्राचार्य,” ती म्हणाली. “अकरातले इथे आता तुम्हीच उरलात.”

“मला बोलता येत नाही.”

“दहा मिनिटं, बाबा.”

“काचेचं काम सांग, करतो,” बाबा म्हणाले आणि भिंतीला टेकले.

भिंतीला टेकणं ही त्यांची सवय. खुर्ची भिंतीला, पलंग भिंतीला, जेवायला बसायची जागा भिंतीला. कुठे पाहुणे म्हणून गेले तर आधी भिंत शोधत. आई हसून सांगायची, “त्रेचाळीस वर्षं संसार केला, पण या माणसाची पाठ मी धड पाहिली नाही.”

पहिलं व्याख्यान एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंचं झालं. ठणठणीत, हजरजबाबी बाई. वीस मिनिटं त्या एकही कागद न बघता बोलल्या. आगीच्या गोष्टीपाशी आल्या आणि वाक्याच्या मध्येच थांबल्या. मागे वळून बघितलं. मागे निळा पडदा होता, दुसरं काही नव्हतं. त्या पाणी प्यायल्या, बोलायला लागल्या, परत थांबल्या. मग माईक हातात घेऊन त्या व्यासपीठाच्या कडेला गेल्या आणि उरलेलं सगळं व्याख्यान भिंतीला पाठ लावून दिलं.

चहाच्या वेळी त्यांनी हळूच विचारलं, “पडद्यामागे कुणी उभं केलं होतं का तुम्ही?”

“नाही हो. का?”

“काही नाही. वय झालं,” त्या म्हणाल्या. पन्नाशीच्याही नव्हत्या.

बाईने सभागृहाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या माणसाला विचारलं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा वाजवत फिरायचा म्हणून त्याला सगळे ‘किल्लेदार’ म्हणत. तो म्हणाला, “पडद्यामागे भिंत आहे, मॅडम. हात घालायला जागा नाही. माणूस उभा करायचा म्हणजे आधी त्याला इस्त्री करावी लागेल.”

ती हसली आणि विसरली.

दुसऱ्या वेळी बोगदे बांधणारे एक इंजिनिअर आले. त्यांचं भाषण छापील होतं, बाईने आधी तपासलंही होतं. ‘अकरा माणसं’ हे शब्द त्यात चार ठिकाणी होते. इंजिनिअर चारही वेळा ‘बारा माणसं’ म्हणाले. श्रोत्यांत चुळबुळ झाली नाही. चूक कुणाच्या कानाला खटकलीच नाही. नंतर तिने जाताजाता म्हटलं, “आकडा तेवढा चुकला, सर.”

“कुठला?”

“बारा म्हणालात. अकरा होते.”

त्यांनी कागद काढून दाखवला. “अकराच तर वाचलं मी.”

ती खोलीत गेली आणि ध्वनिमुद्रण लावलं. बारा. बारा. बारा. बारा. चारही वेळा शब्दाच्या आधी तेवढाच थांबा, साधारण एका श्वासाचा. तिने घड्याळ लावून तो मोजला. मग स्वतःचाच राग येऊन यंत्र बंद केलं. नमुना चारचा, त्यावरून अनुमान काढणाऱ्या विद्यार्थ्याला तिने नापास केलं असतं. पण त्या संध्याकाळी घरी जाताना ती दोनदा बसथांब्याच्या खांबाला टेकून उभी राहिली आणि दोन्ही वेळा का ते तिला सांगता आलं नसतं.

तिसरे आले ते फुटबॉलचे प्रशिक्षक. भाषणापेक्षा करून दाखवण्यावर त्यांचा भर. “नेतृत्व कानाने शिकता येत नाही, पायाने शिकायचं!” असं म्हणून त्यांनी अकरा विद्यार्थी वर बोलावले, डोळे मिटायला लावले, पुढच्याच्या खांद्यावर हात, आणि स्वतः पुढे होऊन सगळी ओळ खुर्च्यांच्या मधून फिरवायला सुरुवात केली. हशा, टाळ्या, मोबाइलवर चित्रण. ओळीच्या शेवटी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. तासाला इतके प्रश्न विचारायची की वर्गाने तिचं नाव ‘शंका’ ठेवलं होतं. बाईची लाडकी विद्यार्थिनी, बाई कबूल करत नसली तरी.

ओळ सभागृहाला वळसा घालून व्यासपीठाशी आली. प्रशिक्षक ओरडले, “उघडा डोळे!”

सगळ्यांनी डोळे उघडले. शंकाने उघडले नाहीत. ती हसत म्हणाली, “सर, आता हात काढा ना.”

प्रशिक्षक तिच्यापासून दहा पावलांवर, ओळीच्या पुढच्या टोकाला उभे होते.

“सर, काढा की हात!”

सभागृह हसलं. शंकाने डोळे उघडले, समोर प्रशिक्षकांना बघितलं, आणि तिचं हसू जागच्या जागी थिजलं. ती मागे वळली नाही. सरळ चालत जाऊन भिंतीला टेकली. भिंतीवरच्या घड्याळात चारला पाच मिनिटं होती. बाईने ते बघितलं, कारण तिला घड्याळ बघायची सवय होती.

पुढच्या बुधवारी शंका तिच्या खोलीत आली. खुर्ची मागे सरकवत सरकवत कपाटाला भिडवली आणि मगच बसली.

“बाई, एक विचारू? हसणार नाही ना?”

“विचार.”

“कुणीतरी मागून धरलंय असं सारखं वाटतं. धरलंय म्हणजे... धरलेलं नाही. नुसता हात ठेवलाय. जिन्यावर तर नक्कीच.” तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. “आईला सांगितलं. ती म्हणाली, अभ्यास कमी कर.”

बाईने तिला समजावलं. सूचनेचा परिणाम कसा असतो, एकदा एखादी गोष्ट मनाने घेतली की शरीर तिचे पुरावे कसे गोळा करतं, झोप अपुरी झाली की काय होतं. सगळं बरोबर होतं. शंका मान हलवत ऐकत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने एकही प्रश्न विचारला नाही. निघताना ती दाराशी अडखळली आणि अंग चोरून, पाठ चौकटीला घासत बाहेर पडली.

त्या संध्याकाळी बाई घरी पोचली तेव्हा दार उघडणाऱ्या आईचा चेहरा फुलला होता. “आत ये आणि बघ,” आई कुजबुजली.

बाबा खिडकीपाशी कामाला बसले होते. निवृत्तीनंतरही कुणीकुणी उपकरणं आणून देत. खिडकीजवळच्या मेजावर त्यांची छोटी ज्योत असायची. मेज त्यांनी फिरवून घेतलं होतं. तोंड खिडकीकडे, आणि खोलीकडे पाठ. थोडी वाकलेली, खांद्याशी शर्ट विरलेला, साधी म्हाताऱ्या माणसाची पाठ. बाई एकेचाळीस वर्षांची होती आणि बाबांना असं मागून ती पहिल्यांदाच बघत होती.

“शुक्रवारपासून असं चाललंय,” आई म्हणाली. “भिंतीकडे तोंड करून झोपतात. घोरतात! मी म्हटलं, हे काय नवीन? तर म्हणे, हलकं वाटतंय.”

चहा घेताना बाईने कॉलेजातली गंमत म्हणून शंकाची गोष्ट सांगायला घेतली. ओळ, मिटलेले डोळे, ‘सर, हात काढा ना.’ सांगतासांगता तिच्या लक्षात आलं की खोलीत ज्योतीचा फुत्कार येत नाहीये. बाबांनी ती बंद केली होती.

“शेवटी उभी होती ती मुलगी?”

“हो.”

“शुक्रवारी. चारच्या सुमाराला.”

“तुम्हाला कसं...”

“खांदा डावा ना?”

तिने शंकाला खांदा विचारलाच नव्हता. पण कपाटाला टेकून बसलेली ती पोर डाव्या बाजूने जरा उतरती दिसत होती, हे तिला आत्ता आठवलं.

बाबा आईला म्हणाले, “तूही बस. तुलाही कधी सांगितलं नाही.”

त्यांनी सांगितलं ते असं. बोळात निम्म्यावर आल्यावर कप्तानांनी ओळ थांबवली. कुणी मागे राहू नये म्हणून प्रत्येकाने आपला आकडा म्हणायचा. धुराने घसे बसलेले, तरी एकेक आकडा मागे मागे येत गेला. आठ. नऊ. दहा. बाबा म्हणाले, अकरा.

“आणि माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं, बारा.”

आईने पदार्थ झाकावा तसा तोंडावर हात धरला.

“पुढे एकदम शांत झालं. साहेबांना ऐकू गेलं होतं. त्यांना ठाऊक होतं आत कितीजण आहेत ते. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, मागे बघू नका. लोक समजतात तसं धीर द्यायला नाही म्हणाले ते. मला म्हणाले. एकट्याला.”

“धुरात भास होतात, बाबा. कार्बन मोनॉक्साइडने...”

“असेल. बाहेर आल्यावर हजेरी झाली, पट जुळला. सगळा ढिगारा उपसला, काही निघालं नाही. कुणीही कमी नव्हतं. पण हात गेला नाही.”

“इतकी वर्षं?”

“आधी गरम लागायचा. मग सवय झाली. जड नाही गं. अडवून धरणारा नाही. आंधळं माणूस दुसऱ्याला धरून चालतं ना, तसा.”

“म्हणजे कप्तानांचा फोन...”

“विचारायचे, अजून आहे का. मी म्हणायचो, आहे, साहेब. विचारायचे, बघितलं तर नाहीस ना. मी म्हणायचो, नाही.” बाबांनी चष्मा काढून पुसला. “शेवटचा फोन तारखेला नव्हता आला. आजारी होते. म्हणाले, माझं चुकलं रे. तेव्हाच थांबून विचारायला हवं होतं, कोण आहेस म्हणून. मी नुसता पुढे चालत राहिलो, आणि लोकांनी त्याचा पुतळा केला.”

आईने आपली खुर्ची उचलली आणि बाबांच्या जवळ नेऊन ठेवली.

“शुक्रवारी खांदा मोकळा झाला,” बाबा म्हणाले. “मी म्हटलं, सुटलो. विचारही केला नाही की कुणाच्या जिवावर. पाच दिवस ढाराढूर झोपलो मी. त्या पोरीला घेऊन येशील का? चौथं व्याख्यान मी देतो.”

बाईचा विश्वास बसला होता असं नाही. तिने मनाशी ठरवलं, म्हाताऱ्या माणसाला बोलून मोकळं वाटेल, मुलीला तिच्यासारखाच त्रास झालेलं कुणी भेटेल; दोघांच्याही मनावरचं उतरेल. अगदी शास्त्रशुद्ध विचार होता. तरी ते नऊ दिवस तिला चैन पडलं नाही. वर्गात फळ्याकडे वळून लिहायची वेळ आली की ती अर्धवट वळायची आणि अक्षरं तिरकी यायची. “बाई, आलेख घसरला,” पोरं म्हणायची.

चौथ्या व्याख्यानाच्या शुक्रवारी सभागृह भरलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. स्वागत, हार, प्राचार्यांचं प्रास्ताविक; प्राचार्यांनी तीनदा ‘दूरदृष्टी’ म्हटलं. मग बाबा उठले. त्यांनी माईक नको म्हटलं. त्यांचा आवाज लहान होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला, कारण दुसऱ्या मिनिटापासून कुणी खोकलंसुद्धा नाही.

घरी सांगितलं तेच त्यांनी सांगितलं. एक शब्द वाढवला नाही. ‘बारा’ म्हणाले तेव्हा पहिल्या रांगेतले प्राचार्य हसले, आणि कुणीच हसत नाही हे बघून हसू आवरलं.

“साहेब मोठे होते,” बाबा म्हणाले. “त्यांच्यामुळे मी जिवंत आहे. पण त्यांच्याकडून एक राहून गेलं. मरताना त्यांच्या मनाला ते लागून होतं. तेवढं मी करतो आणि तुमची रजा घेतो.”

त्यांनी शंकाला वर बोलावलं. ती भिंत सोडून आली. मधल्या मोकळ्या जागेतून येताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. बाबांनी तिला आपल्या पुढे उभं केलं. तिच्या डाव्या खांद्यावर आपला हात ठेवला. काचेच्या कामाने बोटांची टोकं घट्टे पडून गुळगुळीत झालेला हात.

“मी तुझ्या मागे आहे. आता तू शेवटची नाहीस. कळलं?”

शंकाने मान हलवली.

“मोज.”

“एक,” शंका म्हणाली.

“दोन,” बाबा म्हणाले.

मग थांबा. साधारण एका श्वासाचा.

तिसरा आवाज आला की नाही यावर कॉलेजात पुढे पुष्कळ वाद झाले. ध्वनिमुद्रणात नाही. किल्लेदार शपथेवर सांगतो आला. प्राचार्य शपथेवर सांगतात नाही, पण त्यांना त्या दिवसाविषयी विचारलं की ते आधी उठून भिंतीकडे जातात.

बाईने काय ऐकलं ते तिने कुणाला सांगितलेलं नाही.

बाबा वळले.

सावकाश वळले, जसं मागे लहान मूल उभं असेल तर धक्का लागू नये म्हणून वळावं. आता त्यांची पाठ सभागृहाकडे होती. समोर निळा पडदा. त्यांची नजर आधी आपल्या उंचीवर गेली, आणि मग खाली आली.

“कोण आहेस बाबा तू?” त्यांनी विचारलं.

ते ऐकत राहिले. एकदा मान हलवली. परत एकदा. मग त्यांनी शंकाला हाताने बाजूला केलं, स्वतः दोन पावलं सरकले, आणि वाट करून दिली.

“ये,” ते म्हणाले. “हो पुढे.”

व्यासपीठाला तीन लाकडी पायऱ्या होत्या. पहिली करकरली. दुसरी करकरली. तिसरी.

किंकाळी कुणी फोडली नाही. झालं ते असं की लोक उठले. धावपळ न करता, चेंगराचेंगरी न करता, सगळे खुर्च्यांतून बाहेर पडले आणि मागे मागे सरकत भिंतींना जाऊन टेकले. चारही भिंतींना खांद्याला खांदा लावून माणसं. मध्ये तीनशे रिकाम्या खुर्च्या आणि खिडक्यांतून आलेलं स्वच्छ ऊन.

कुणी दारातून बाहेर जाईना. बाहेर जायचं तर ओळीने जावं लागणार, आणि ओळ म्हटली की कुणीतरी शेवटचं असणार.

बाईला ते आकड्यासारखं लख्ख दिसलं.

तिने दार उघडून धरलं. “चला,” ती तासाला बोलायची त्या आवाजात म्हणाली. “एकेक करून. मी आहे शेवटी.”

माणसं निघाली. प्राचार्य पहिल्या पाचांत होते. आई शंकाचा हात धरून गेली; दारात शंका थबकली, तिने आपला डावा खांदा चाचपला, आणि रडायला लागली, हसतहसत. किल्लेदार गेला, जुडगा मुठीत घट्ट आवळून, वाजू न देता.

मागे बाबा उरले.

“तू हो पुढे,” बाबा म्हणाले. “माझी जागा आहे ती.”

“सेहेचाळीस वर्षं झाली, बाबा.”

“तुझा तर विश्वास नाही ना?”

“नाही,” ती म्हणाली. “म्हणून तर म्हणते. जा तुम्ही.”

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग ते गेले, पाठ सरळ करून, भिंतीपासून हातभर लांबून.

ती बाहेर पडली आणि तिने दार सोडलं. त्या दाराला कडक स्प्रिंग होती. सोडलं की धाडकन आपटायचं, किल्लेदाराने तशी पाटीच लावली होती. ती चार पावलं गेली. पाच. आपटल्याचा आवाज आला नाही.

मग तिच्या मागे दार हळूच मिटलं, कुणीतरी हाताने धरून मिटावं तसं.

डाव्या खांद्यावर पर्सचा पट्टा असावा तेवढंच वजन होतं. पर्स तिच्या उजव्या हातात होती.

व्हरांड्याच्या टोकाला बाबा थांबले होते. ती जवळ आली तसे ते तिच्याकडे बघत होते. तिच्याकडे, आणि जरासं तिच्या मागे, खाली. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आजाऱ्याच्या खाटेशी बसून रात्र काढलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा.

“इतक्या भरभर नको चालूस,” ते म्हणाले. “दमलंय गं ते.”

तिने पावलं आखडती घेतली.